कानांत दोन सूर: बायनॉरल बीट्सबद्दल वाचकांचे प्रश्न

झोप लागावी, डोकं शांत व्हावं, अभ्यासात लक्ष टिकावं म्हणून हेडफोन लावून ‘बायनॉरल बीट्स’ ऐकणाऱ्या वाचकांची पत्रं सध्या बरीच येतात. त्यांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

रोज रात्री ‘डेल्टा वेव्हज्’ लावून झोपतो. काही म्हणता काही फरक नाही. दोष माझ्यात की फाइलमध्ये?
*— एक वाचक, नाशिक*

आधी फाइल आणि फोन तपासा. या प्रकारात डाव्या कानाला एक सूर जातो आणि उजव्याला त्याहून किंचित वेगळा. उदाहरणार्थ, डावीकडे २५० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला २५० आवर्तनं) आणि उजवीकडे २५३. दोन्ही मिळून ३ हर्ट्झची जी हलकी लहर जाणवते, ती फाइलमध्ये कुठेच नसते, ती डोक्यात तयार होते. वाटेत कुठेही डावं-उजवं एकत्र झालं की मूळ प्रकारच संपला.

तपासणी एका मिनिटाची आहे. दोन्ही कानांत इअरफोन घाला आणि आवाजाची लहर नीट ऐका, मग एक इअरफोन काढा. लहर पूर्ण थांबून सपाट, एकसुरी ‘हूं’ उरला पाहिजे. आता दुसरा इअरफोन काढून पहिला घाला. पुन्हा सपाटच सूर ऐकू यायला हवा, पण अगदी किंचित वेगळ्या पट्टीचा. एकाच कानात आवाज कमी-जास्त होत राहिला, तर ती फाइल बायनॉरल नाही, नावावर जाऊ नका.

फाइल ठीक असूनही लहर येत नसेल तर फोनच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन ‘मोनो ऑडिओ’ (दोन्ही बाजूंचा आवाज एक करणारी सोय) बंद आहे का पाहा. घरातल्या कुणी एका कानाने ऐकायच्या सोयीसाठी तो चालू केलेला असतो आणि विसरलेला असतो. ‘स्पेशिअल ऑडिओ’, ‘डॉल्बी अ‍ॅटमॉस’, ‘सराउंड’ असलं काही चालू असेल तर तेही बंद करा. मोठ्या खोलीत ऐकल्याचा भास व्हावा म्हणून या सोयी एका बाजूचा थोडा आवाज दुसऱ्या बाजूला मिसळतात. वायरचे इअरफोन असतील तर पिन पूर्ण आत बसली आहे ना, तेही बघा. फार कमी बिटरेटची, म्हणजे फार दाबून लहान केलेली, एमपी३ फाइलही टाळा. जागा वाचवताना दोन्ही बाजूंतला बारीक फरक त्यात पुसला जाऊ शकतो. इअरबड्सच्या नॉइज कॅन्सलेशनचा मात्र काही त्रास नाही.

ब्लूटूथ स्पीकरवर ऐकत असाल तर दोन्ही सूर हवेतच मिसळतात आणि लहर उलट जास्त ठळक ऐकू येते. ती ‘मोनॉरल’ लहर झाली. ऐकायला चांगली असते, फक्त जात वेगळी.

हे सगळं ठीक असूनही फरक पडत नसेल, तर दोष तुमच्यात नाही. पुढचं उत्तर वाचा.

बारावीच्या फिजिक्समध्ये आम्ही विस्पंद (बीट्स) शिकवतो, त्यामुळे दोन लहरींचं गणित कळतं. पण मेंदू त्या वारंवारतेवर ‘सेट’ होतो, या दाव्यात कितपत तथ्य आहे?
*— एक शिक्षिका, सोलापूर*

ऐकू येतं ते खरं आहे. प्रशियाचे भौतिकशास्त्रज्ञ हाइनरिख विल्हेल्म डोव्ह यांनी १८४० च्या आसपास ही गोष्ट नोंदवली होती. पुस्तकातले विस्पंद हवेत होतात, तिथे दाब खरोखर वाढतो आणि घटतो. इथे दोन्ही सूर हवेत कधी भेटतच नाहीत. त्यांची गाठ मेंदूच्या बुंध्यात, सुपीरिअर ऑलिव्हरी कॉम्प्लेक्स नावाच्या भागात पडते. दोन्ही कानांकडून येणारे संदेश जिथे प्रथम एकत्र येतात, त्यांतली ही जागा. आवाज कुठल्या कानाला किती आधी पोचला यावरून तो कुठून आला, हे इथे ठरतं. २५० आणि २५३ हर्ट्झ दिले की दोन सुरांतलं फेजचं अंतर, म्हणजे एकाचं आवर्तन दुसऱ्याच्या किती पुढे-मागे आहे ते, सतत सरकत राहतं, आणि ते सरकणंच आपल्याला लहर म्हणून जाणवतं. फरक एक-दोन हर्ट्झ इतका कमी ठेवला तर आवाज डोक्याच्या आतून या कानाकडून त्या कानाकडे फिरल्यासारखा वाटतो. वर्गात करून दाखवण्याजोगा प्रयोग आहे.

याच कारणाने त्याला मर्यादाही आहेत. चेतापेशी सुराच्या प्रत्येक आवर्तनाशी मेळ राखू शकतात तोवरच हे चालतं. मूळ सूर चारशे-पाचशे हर्ट्झच्या आसपास असताना लहर सर्वांत स्पष्ट असते, हजाराच्या वर गेलं की ती विरत जाते. दोन सुरांतला फरक तीसच्या पलीकडे गेला की लहर न वाटता दोन वेगळे सूर ऐकू येऊ लागतात.

आता ‘सेट’ होण्याबद्दल. मेंदूच्या विद्युत्लहरींचे पट्टे ठरलेले आहेत: डेल्टा ४ हर्ट्झपर्यंत, थीटा ४ ते ८, अल्फा ८ ते १३, बीटा १३ ते ३०, त्यावर गॅमा. गाढ झोपेत डेल्टा जास्त दिसतात, म्हणून कानाला ३ हर्ट्झची लहर दिली की झोप येईल, असा तर्क केला जातो. तर्क आकर्षक आहे. जेराल्ड ऑस्टर यांच्या १९७३ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या लेखाने विषय पुन्हा चर्चेत आला. अमेरिकेत रॉबर्ट मन्रो यांनी आवाजाने झोपेच्या अवस्था आणण्याच्या पद्धतीचं पेटंट १९७५ साली घेतलं आणि तिथून बाजार उभा राहिला. ईईजी (डोक्यावर तारा लावून मेंदूच्या विद्युत्लहरी मोजणारी तपासणी) लावून पडताळणी केल्यावर मात्र चित्र विस्कळीत दिसतं. २०२३ साली ‘प्लॉस वन’ या संशोधनपत्रिकेत आलेल्या आढाव्यात असे १४ अभ्यास तपासले होते. त्यांतल्या पाचांत मेंदू लयीवर येतो असं दिसलं, आठांत दिसलं नाही, एकात संमिश्र. त्याआधी २०२० मध्ये मॉन्ट्रिअलच्या संशोधकांना साध्या मोनॉरल लहरींमागे मेंदू अधिक जोरात जाताना आढळला होता, आणि मनःस्थितीत दोन्हींपैकी कशानेही फरक पडला नव्हता.

मेंदू लयीला थोडाफार प्रतिसाद देतो, हे मान्य. पण कवटीवरच्या तारांना ३ हर्ट्झचा क्षीण ठसा मिळणं वेगळं आणि माणूस गाढ झोपणं वेगळं. या दोहोंमधला पूल अजून बांधून झालेला नाही. जाहिराती मात्र त्यावरून वाहतूक सुरू झाल्यासारख्या बोलतात.

आठ तासांची ‘डीप स्लीप’ फाइल रात्रभर इअरबड्स घालून ऐकली तर चालेल का? मध्येच जाग येते आणि कान दुखतो.
*— एक वाचक, रत्नागिरी*

नको. झोप लागेपर्यंत तीस-चाळीस मिनिटं पुरे, पुढे टायमरने बंद होऊ द्या.

कान दुखतो तो कुशीवर झोपल्यावर इअरबड उशीने आत दाबला जातो म्हणून. तुमच्याकडच्या दमट हवेत रात्रभर कानाचं भोक बंद राहिलं की आत घाम साचतो, मळ आत ढकलला जातो आणि बुरशीचा संसर्ग व्हायला आयतीच जागा मिळते. पावसाळ्यात कानात खाज, ओलसरपणा किंवा दडा बसल्यासारखं वाटत असेल तर ऐकणं थांबवा आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. काडी किंवा गरम तेल घालू नका. कपाळपट्टीत चपटे स्पीकर शिवलेले हेडबँड मिळतात, ते यासाठी बरे. मानेखालून वायर घेऊन झोपू नका आणि फोन उशीखाली चार्जिंगला ठेवू नका.

मध्येच जाग का येते याची कारणं बहुधा साधी असतात. इअरबडची बॅटरी संपत आली की तो ‘टिंग’ वाजवतो. व्हिडिओवर ऐकत असाल तर मध्ये जाहिरात येते, ती मूळ आवाजाच्या दुप्पट मोठी. फाइल एकदम संपली की अचानक झालेल्या शांततेनेही काही जण जागे होतात. यावर उपाय म्हणजे फाइल उतरवून घ्या, फोन फ्लाइट मोडवर टाका (ब्लूटूथ तेवढं चालू ठेवा) आणि शेवटची दोन मिनिटं हळूहळू विरणारी फाइल निवडा.

आवाज इतकाच असावा की पंख्याच्या आवाजात तो जेमतेम कळेल. लहर मोठ्या आवाजात जास्त काम करते, ही समजूत चुकीची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी घातलेली मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे, आणि दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो. झोपेसाठी त्या पातळीच्या जवळपासही जायचं कारण नाही.

थायलंडच्या महिडोल विद्यापीठातल्या २०१८ च्या एका छोट्या प्रयोगात ३ हर्ट्झच्या लहरीने गाढ झोपेचा काळ वाढलेला दिसला. आशादायक आहे, पण एवढ्या आधारावर उपचार उभा राहत नाही. आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री झोप लागत नसेल आणि असं तीन महिने चाललं असेल तर डॉक्टरांकडे जा. त्यावर निद्रानाशासाठीची वर्तनोपचार पद्धत, सीबीटी-आय, ही पहिली निवड मानली जाते. तिच्यातला एक नियम आजपासून पाळता येईल: वीसेक मिनिटांत झोप लागली नाही असं वाटलं तर, घड्याळ न बघता, अंथरुणातून उठा. मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करा आणि डोळे जड झाले की परत या.

सशुल्क अ‍ॅप घ्यायचं नाही. घरी फाइल करता येईल का?
*— एक वाचक, ठाणे; अशीच पत्रं पुणे आणि बंगळुरूहून*

येईल, आणि पैसे लागणार नाहीत. ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्रॅम संगणकावर घ्या.

‘ट्रॅक्स’मधून एक मोनो ट्रॅक उघडा. ‘जनरेट’मध्ये ‘टोन’ निवडा: साइन, २५० हर्ट्झ, अ‍ॅम्प्लिट्यूड (आवाजाची पातळी) ०.१, कालावधी ३० मिनिटं. अ‍ॅम्प्लिट्यूडचा आकडा आधीच ०.८ असतो, तो तसाच ठेवलात तर कानाला टोचेल. दुसरा मोनो ट्रॅक उघडून तेच करा, फक्त २५३ हर्ट्झ. प्रत्येक ट्रॅकच्या डाव्या पट्टीत पॅनचा स्लायडर असतो. पहिला पूर्ण डावीकडे ओढा, दुसरा पूर्ण उजवीकडे. बहुतेकांची गाडी इथेच अडते. स्लायडर नव्वद टक्क्यांवर राहिला तरी थोडं डावं उजवीकडे गळतं, तेव्हा टोकापर्यंत न्या.

बरोबर झालं का, ते डोळ्यांनी पाहता येतं. दोन्ही ट्रॅक निवडून आधी ‘मिक्स अँड रेंडर’ करा, मग ‘मिक्स स्टिरिओ डाउन टू मोनो’. आता एक सेकंद दिसेल इतकं झूम केलंत की आलेख तीनदा फुगलेला आणि तीनदा चिमटलेला दिसेल. तीनच फुगे म्हणजे ३ हर्ट्झ. पाहून झालं की कंट्रोल-झेड दाबून मागे या, नाहीतर हीच मोनो फाइल सेव्ह होईल आणि सगळी मेहनत वाया.

नुसता सूर अर्धा तास ऐकवत नाही. म्हणून तिसरा, स्टिरिओ ट्रॅक घेऊन ‘नॉइज’मधून ‘पिंक’ निवडा, अ‍ॅम्प्लिट्यूड ०.१ ते ०.१५. पावसाच्या संततधारेसारखा आवाज येतो आणि त्याखाली सूर दबून राहतो. सगळे ट्रॅक निवडून पहिल्या अर्ध्या मिनिटाला ‘फेड इन’ आणि शेवटच्या दोन मिनिटांना ‘फेड आउट’ लावा. मग एक्सपोर्ट. ४४१०० हर्ट्झ, १६ बिटच्या डब्ल्यूएव्हीला अर्ध्या तासाचे साधारण ३२० एमबी लागतात. फोनमध्ये जागा नसेल तर ३२० केबीपीएसची एमपी३ करा, सत्तरेक एमबीत काम होतं.

आणखी एक फाइल अवश्य करा: सगळं तेच, फक्त दोन्ही कानांत २५० हर्ट्झ. म्हणजे लहर नाही. घरातल्या कुणाला तरी दोन्ही फाइलींची नावं ‘अ’ आणि ‘ब’ अशी बदलायला सांगा, कुठली कोणती ते तुम्हाला न सांगता. एका रात्री ‘अ’, दुसऱ्या रात्री ‘ब’ याप्रमाणे दोन आठवडे ऐका आणि सकाळी, अंदाजे किती वेळात झोप लागली, तेवढंच वहीत लिहा. रात्री कान देऊन लहर शोधत बसू नका. दोन्ही फाइलींना सारखीच झोप लागत असेल तर तुम्हाला लहरीची गरज नाही, पावसाच्या आवाजाची आहे. तीही काही वाईट बातमी नाही.

राज्यसेवेची तयारी करतो. अभ्यासिकेत गोंगाट असतो. ४० हर्ट्झची गॅमा फाइल लावून वाचतो. वेग वाढेल का?
*— एक विद्यार्थी, पुणे*

वाचताना लावू नका, असंच सुचवू.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २२ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात स्मरण, लक्ष, चिंता आणि वेदना यांवर मध्यम परिणाम दिसला होता. फाइलवाले हाच दाखला देतात. पण त्यातच असंही होतं की काम सुरू करण्याआधी ऐकण्याचा उपयोग, फक्त काम चालू असताना ऐकण्यापेक्षा चांगला दिसतो. नंतर पोलंडमधल्या संशोधकांनी १००० जणांना त्यांच्या घरीच, म्हणजे तुम्ही ऐकता तसंच, ऐकवून बुद्धिचाचण्या घेतल्या. २०२३ साली आलेला निष्कर्ष असा, की कामगिरी सुधारली नाहीच, उलट घसरली. अभ्यासांचे निष्कर्ष असे उलटसुलट येतात, कारण प्रत्येकाची वारंवारता, ऐकण्याचा वेळ आणि मोजमाप वेगळं. ४० हर्ट्झची तर आणखी अडचण: एवढ्या फरकाला बायनॉरल लहर नीट बनतच नाही.

त्याऐवजी बसण्याआधी दहा मिनिटं डोळे मिटून १० हर्ट्झची फाइल ऐका (डावीकडे २५०, उजवीकडे २६०), इअरफोन काढा आणि लगेच पुस्तक उघडा. निदान फोन दहा मिनिटं हातात नसतो, हा फायदा हमखास. वाचताना गोंगाट असह्य होत असेल तर नुसता पिंक नॉइज किंवा केमिस्टकडे मिळणारे फोमचे कानबोळे. शब्द असलेली गाणी वाचनाच्या आड येतात. आणि परीक्षेच्या हॉलमध्ये इअरफोन नसतो, हेही ध्यानात असू द्या. ज्या आवाजावाचून अभ्यास होत नाही अशी सवय लावून घेणं परवडणारं नाही.

रियाजाला तानपुऱ्याचं अ‍ॅप हेडफोनवर लावते. मन शांत होतं. हेही बायनॉरलच का?
*— एक वाचक, मिरज*

नाही, आणि तानपुऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या मिरजेहून हा प्रश्न यावा हे छानच. तानपुऱ्यातल्या लहरी खऱ्या, हवेतल्या. जोडीच्या दोन तारा षड्जात मिळवताना आधी आवाज ‘वाँव-वाँव’ करत डुलतो, मणी सरकवत गेलं की डुलणं संथ होतं आणि तारा जुळल्या की थांबतं. काळी एकच्या पुरुषी तानपुऱ्यात जोड साधारण १३८.६ हर्ट्झला असते. दोन तारांत ०.३ हर्ट्झचा फरक राहिला तर तीनेक सेकंदांत एक डोल येतो. जव्हारीमुळे (घोडीच्या खास घडणीमुळे) प्रत्येक तारेचे स्वरांश, म्हणजे मूळ सुरात दडलेले वरचे सूर, खुलतात आणि त्या स्वरांशांत हाच फरक दुप्पट, तिप्पट, चौपट होतो. एकाच वेळी संथ आणि भरभर अशा अनेक लहरी त्यात गुंफलेल्या असतात. एका साइन सुराच्या फाइलीत ही श्रीमंती कुठून यायची? तुम्हाला तानपुरा लागू पडतोय, तर दुसरं काही शोधू नका. अ‍ॅप स्पीकरवर लावा, गळा नीट ऐकू येईल.

सासूबाईंचं ऑपरेशन आहे, वय बहात्तर. फार घाबरल्या आहेत. त्यांना ऐकवावं का?
*— एक वाचक, कोल्हापूर*

विचारण्यासारखा उपाय आहे. या विषयातला सर्वांत वजनदार पुरावा ऑपरेशनआधीच्या चिंतेबद्दलचाच. ब्रिटनमध्ये २००५ साली भूल देण्याआधी रुग्णांना ध्वनिमुद्रण ऐकवलं. लहरी घातलेलं मुद्रण ऐकणाऱ्यांची चिंता सुमारे २६ टक्क्यांनी उतरली, तेच मुद्रण लहरींविना ऐकणाऱ्यांची ११ टक्क्यांनी, आणि काहीच न ऐकणाऱ्यांची चारेक टक्क्यांनी.

डॉक्टरांना आधी विचारा. सासूबाईंना दोन्ही कानांनी सारखं ऐकू येतं का, तेही पाहा. एका कानाने कमी येत असेल तर लहर जुळणार नाही, मग त्यांच्या आवडीचे अभंग मंद आवाजात लावा. हेडफोन कानावर बसणारा घ्या, कानात खुपसायचा नको. घरी दोन-तीन दुपारी वीस-तीस मिनिटं ऐकवून बघा. दवाखान्यात पहिल्यांदाच डोक्यावर काही चढवलं तर घाबरण्यात भरच पडेल. श्रवणयंत्र काढावं लागलं तर नर्सचं बोलणं त्यांना ऐकू येणार नाही, तेव्हा कुणीतरी जवळ बसा. आणि चिंतेची किंवा बीपीची चालू गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

५२८ हर्ट्झने डीएनए दुरुस्त होतो, ४३२ हर्ट्झ ‘नैसर्गिक’ आहे, असे मेसेज येतात.
*— अनेक वाचक*

यांचा बायनॉरल बीट्सशी संबंध नाही, हे एकेकटे सूर आहेत. ५२८ ने डीएनए दुरुस्त होतो याला आधार नाही. ४३२ चा वाद वाद्यं कुठल्या पट्टीत मिळवावीत याचा आहे. जगभर ४४० प्रमाण मानलं गेलं, १९५५ मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेनेही ते स्वीकारलं. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती आवर्तनं, आणि सेकंद हे माणसाने ठरवलेलं माप. त्यातला एखादा आकडा निसर्गाला विशेष प्रिय असण्याचं कारण दिसत नाही. मेसेज पुढे पाठवू नका.

कुणी ऐकू नये? याचं व्यसन लागतं का?
*— एक पालक, नागपूर*

फिट येण्याचा आजार असेल तर न्यूरॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय नको. कानात सतत गुणगुण असेल आणि ऐकल्यावर ती वाढत असेल तर थांबवा. गाडी चालवताना, गॅसजवळ किंवा यंत्रावर काम करताना अजिबात नाही, कारण दोन्ही कान बंद असतात आणि पेंगही येऊ शकते. डोकं दुखलं, मळमळलं, अस्वस्थ वाटलं तर त्या दिवशी पुन्हा लावू नका. मूळ सूर २०० च्या आसपास आणून आणि आवाज कमी करून दुसऱ्या दिवशी बघा, तरीही तसंच झालं तर हा प्रकार तुमच्यासाठी नाही.

‘डिजिटल ड्रग्ज’ म्हणून ज्या फाइली मुलांमध्ये फिरतात, त्यांत नशा आणणारं काही नसतं, त्याही दोन सुरांच्याच असतात. त्यावरून मुलावर ओरडण्यापेक्षा त्याच्या हेडफोनचा आवाज किती आहे ते बघा. मुलांसाठी मर्यादा ७५ डेसिबलची आहे आणि बऱ्याच फोनच्या सेटिंग्जमध्ये कमाल आवाजाला मर्यादा घालता येते.